भिंतीमागचे पाणी

लालबागची भूमी सपाट आहे. परळच्या अंगाची गोलंजी टेकडी आणि माझगावच्या अंगाची भंडारवाडा टेकडी सोडली, तर गिरण्यांनी, चाळींनी आणि मसाल्याच्या दुकानांनी व्यापलेल्या या पट्ट्यात पावसाचे पाणी वाहत नाही, साचते. उतारावरची माती घसरेल काय, घसरली तर ती अडवावी कशी, अडविणारी भिंत पायाशी किती रुंद असावी, हे प्रश्न अशा वस्तीतल्या माणसाला पडण्याचे वास्तविक कारण नाही. तरीसुद्धा गणपतीला गावी गेलेली मंडळी परत आली आणि दिवाळीचे वेध लागले, की येथल्या कित्येक खोल्यांतून हाच विषय निघतो, आणि तो इतक्या तपशिलाने निघतो की एखाद्या इंजिनियरनेही कान टवकारावेत.

त्याचे मूळ गिरण्यांच्या इतिहासात आहे. कोकणातून आलेल्या कामगारांनी गावागावची म्हणून एकेक खोली भाड्याने घ्यायची, पाळ्यांप्रमाणे तीत निजायचे आणि त्याच खोलीत गावच्या मुंबई मंडळाचे दप्तर ठेवायचे, ही पद्धत लालबाग-परळ भागात दोन-तीन पिढ्या चालली. गिरण्या गेल्या; पुष्कळ चाळीही गेल्या; परंतु मंडळे राहिली. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचे छप्पर, वाडीचा रस्ता यांसाठी वर्गणी येथेच गोळा होते, आणि अलीकडे या यादीत एका नव्या खर्चाची भर पडली आहे, तो खर्च संरक्षक भिंतीचा. कणकवली तालुक्यातल्या एका वाडीच्या मंडळाची सभा एका रविवारी संध्याकाळी चालू असता मी तेथे बसलो होतो. देवळामागची भिंत पुढे झुकली होती. नवी बांधावी हा ठराव एकमताने झाला. वाद पेटला तो जुनी झुकली का यावर. कोणी ठेकेदाराला दोष दिला, कोणी सिमेंटला, कोणी पायाला. कोपऱ्यात बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होण्यापूर्वी गावी गवंडीकाम करीत असत. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "भिंत मातयेन नाय पडत, पाण्यान पडता. पाण्याक वाट दिल्यात तर भिंत आपसूक ऱ्हवता." सभेने हे ऐकून घेतले आणि पुन्हा सिमेंटच्या प्रतीकडे मोर्चा वळविला.

या एका वाक्यात जे आहे ते पुढल्या पानांतून उलगडण्याचा माझा विचार आहे. कारण माझ्या मते उतारावरच्या अंगणाला घातलेली भिंत ही मुळात माती अडविण्याची योजना नसून पाणी वाहून नेण्याची योजना आहे, आणि आपल्याकडे पैसा, कौशल्य व अभिमान हे तिन्ही भिंतीच्या दर्शनी अंगावर खर्ची पडून जे अंग कोणाला कधी दिसणार नाही त्याच्या वाट्याला काहीच उरत नाही.

कोकणातल्या जुन्या घराने उताराशी जो तह केला होता तो असा. डोंगराच्या अंगाला जमीन थोडी कोरायची, समोरच्या अंगाला तीच माती भरायची, आणि मधल्या सपाटीवर घर व खळे बसवायचे. भरावाच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्यांचा किंवा काळ्या दगडांचा गडगा घालायचा. त्यात ना चुना ना सिमेंट; दगडावर दगड सांध्यात बसवून, मागे बारीक डबर दडपून, आणि दर्शनी बाजू किंचित डोंगराकडे कलती ठेवून तो रचलेला असे. उंची बहुधा पुरुषभर. अधिक उंची हवी असेल तर एक पायरी सोडून दुसरा गडगा. भातशेतीतले बांध आणि खाचरे, म्हणजे मेरा आणि कुणगे, याच न्यायाने घडलेले आहेत. या रचनेत शास्त्र असे कोणी शिकविले नव्हते, परंतु तीत दोन गोष्टी आपोआप साधत. एक, मागची माती जितकी भिजे तितके पाणी दगडांच्या फटींतून झिरपून बाहेर पडे. दुसरी, गडगा थोडा हलला, फुगला तरी एकदम कोसळत नसे. फुगवटा दिसला की मे महिन्यात तेवढा भाग उकलून पुन्हा रचीत.

मग परिस्थिती पालटली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कुटुंबे गावी परतली. कोणाला फंडाचे पैसे मिळाले, कोणाला पुढे चाळीच्या पुनर्विकासातून रक्कम मिळाली, कोणाची मुले आखातात गेली. कौलारू घरे उतरली आणि स्लॅबची घरे उभी राहिली. स्लॅबच्या घराला मोठे सपाट जोते लागते. ते माणसांच्या हातांनी कोरणे परवडेना, म्हणून जेसीबी आला, आणि जेसीबीच्या बादलीने दोन दिवसांत घरामागे पंधरा-पंधरा फूट उंचीचा उभा कडा तयार केला. पूर्वी कुदळीला जो कंटाळा येई तोच उंचीची मर्यादा ठरवीत असे. यंत्राला कंटाळा नाही. अशा कड्यापुढे गडगा पुरेना. तेव्हा काँक्रीटची भिंत आली, आणि ती येताना गडग्याचे रूप घेऊन आली. त्याच्या फटी मात्र मागे राहिल्या.

मातीच्या दाबाचे गणित आता थोडे पाहू, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळावयाची नाही. सुटी माती स्वतःच्या उतारावर आपोआप स्थिर राहते. त्याहून उभी ठेवायची तर तिला आडवा आधार हवा. हा आधार किती, हे वरून खाली वाढत जाते. माथ्याशी जवळजवळ शून्य, पायाशी सर्वांत जास्त. म्हणून भिंतीची उंची दुप्पट केली तर तिच्यावरचा एकूण रेटा चौपट होतो, आणि तिला पायाभोवती पालथी पाडू पाहणारा जोर आठपट. सहा फुटांची भिंत ज्याला जमली त्याने त्याच हिशेबाने बारा फुटांची घातली, की अपघाताची सामग्री सिद्ध झाली असे समजावे. चांगला निचरा होणाऱ्या कोरड्या भरावामागे तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट, उंचीच्या भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर साधारण पावणेतीन टन रेटा येतो. हाच भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला आणि पाण्याला वाट मिळाली नाही, तर मातीचा भार काहीसा हलका होतो, परंतु पाण्याचा स्वतःचा रेटा वर चढतो आणि दोन्ही मिळून साडेपाच टनांच्या पुढे जातात. माती निदान स्वतःच्या अंगच्या घर्षणाने थोडा भार सोसते. पाणी काहीच सोसत नाही. त्यातून पायाखालची चिकणमाती भिजून मऊ झालेली असते, म्हणजे ज्या घटकेला भार दुप्पट होतो त्याच घटकेला आधार निकामी होतो.

वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस, तोही बहुतांश चार महिन्यांत, अशा मुलखात ही घटका वारंवार येते. कोकणात आणखी एक खोड आहे. वरचा जांभा कठीण आणि सच्छिद्र. पाणी त्यातून सरळ खाली उतरते. त्याच्या खाली पांढुरकी, पिवळसर मऊ चिकणमाती असते. पाणी तेथे अडते आणि थरावरून आडवे सरकू लागते. कड्याच्या माथ्याशी जांभा पाहून 'खडक आहे' असा निर्वाळा देणारा ठेकेदार त्याच्या पायाशी काय आहे हे पाहत नाही. कोकण रेल्वेने हा पाठ फार मोठी किंमत देऊन गिरविला. 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग खुला झाला. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासांहून अधिक माणसे दगावली. पुढल्याच वर्षी, 16 जून 2004 ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळून पुलावरून खाली गेली. त्यानंतर खोदाईचे उतार कमी करणे, जाळ्या बसविणे, संरक्षक भिंती आणि माथ्यावरून पाणी वळविणारे चर यांचे काम मोठ्या प्रमाणावर झाले, आणि पावसाळ्याचे स्वतंत्र, मंद गतीचे वेळापत्रक ठरून गेले. रेल्वेला हे करणे भाग होते. वाडीतल्या घरमालकाला भाग पाडणारे कोणी नाही.

आता थोडे दूर जाऊ. आमच्या परिचयाच्या एका गिरणीकामगाराचा नातू गेली काही वर्षे अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात, मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो. त्याच्या घराचे मागचे आवार उताराचे. तेथल्या पूर्वीच्या मालकाने घातलेली काँक्रीटची भिंत पुढे कलली होती आणि ती पाडून नवी घालण्याच्या खटपटीत तो होता. आजोबांना तो दूरध्वनीवरून त्या कामाची हकिकत सांगे, आणि आजोबा ती आम्हांला भारतमाता सिनेमासमोरच्या बाकावर बसून सांगत. पाऊस तिकडे बेताचा. मग भिंत कशाने कलली? थंडीने. हे उत्तर आजोबांना पटण्यास काही दिवस लागले, कारण थंडीची आपली कल्पना महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, तेवढीच.

मिनेसोटात जमीनच गोठते. राज्याच्या दक्षिण भागात इमारतीचा पाया निदान 42 इंच आणि उत्तर भागात 60 इंच खोल असला पाहिजे असा तेथील नियम आहे. गोठण त्याच्या खाली सहसा पोहोचत नाही असे गृहीत धरलेले असते. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते, हे शाळेत आपण सर्वांनी वाचले आहे, आणि म्हणून माती फुगते, असे पूर्वी सरसकट मानले जाई. स्टीफन टेबर या भूशास्त्रज्ञाने 1929 आणि 1930 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून ही समजूत अपुरी ठरविली. गोठताना न फुगता उलट आकसणाऱ्या बेंझिनमध्ये माती भिजवून त्याने ती गोठविली, तरीही ती वर उचलली गेली. खरा प्रकार असा, की गोठणाऱ्या थराकडे खालचे न गोठलेले पाणी बारीक मातीच्या केशनलिकांतून ओढले जाते आणि बर्फाच्या चकत्या एकावर एक वाढत जातात; जोवर पाणी पुरते तोवर त्या वाढतात. म्हणून धोका थंडीत जितका आहे तितकाच गाळासारख्या बारीक मातीत आणि जवळच्या पाण्यात आहे. स्वच्छ खडी कितीही गोठली तरी उचलत नाही, कारण तिच्यात पाणी वर चढत नाही. गंमत अशी की टेबर हा दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक होता, जेथे जमीन गोठण्याचा अनुभव जवळपास नाही.

भिंतीच्या बाबतीत याला एक वळण मिळते, आणि ते जाणत्यांनाही चकविते. सपाट जमिनीत थंडी वरून खाली उतरते. भिंतीमागच्या मातीत ती वरूनही येते आणि भिंतीच्या उघड्या अंगातून आडवीही शिरते. बर्फाच्या चकत्या भिंतीला समांतर उभ्या वाढतात आणि तिला पुढे ढकलतात. वसंतात बर्फ वितळते, भिंत मागे सरकण्यापूर्वीच मागच्या फटीत माती ढासळून बसते, आणि पुढल्या हिवाळ्यात तेथूनच नवा धक्का सुरू होतो. दर वर्षी सुताएवढी सरकणारी भिंत पंधरा वर्षांत कोणाच्या ध्यानी न येता कलते. यावर तेथील तोडगा म्हणजे भिंतीमागे निदान फूटभर जाडीचा स्वच्छ खडीचा थर, माती त्यात शिरू नये म्हणून मध्ये कापड, तळाशी भोके पाडलेली नळी आणि ती नळी उताराकडे उघडी. पायाची खोली मोजायची ती वरच्या अंगणापासून नव्हे, भिंतीसमोरच्या खालच्या जमिनीपासून. पायासकट चार फुटांहून उंच भिंत असेल तर तेथे सामान्यतः परवाना लागतो आणि त्यासोबत बहुधा अभियंत्याचे नकाशे.

काँक्रीटचेही तेथे वेगळे तंत्र आहे. घट्ट झालेल्या काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी गोठून त्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. 1930 नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील काही रस्ते इतरांपेक्षा अधिक टिकल्याचे आढळले. शोध घेता कळले, की त्यांच्या सिमेंटमध्ये दळताना मिसळलेल्या स्निग्ध द्रव्यांमुळे काँक्रीटमध्ये अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे राहिले होते. गोठताना दाबलेल्या पाण्याला हे बुडबुडे आसरा देतात. तेव्हापासून थंड मुलखात काँक्रीटमध्ये पाच-सहा टक्के हवा मुद्दाम धरतात. शिवाय तापमान चार-पाच अंश सेल्सियसच्या खाली जाण्याची चिन्हे असतील तर ओतलेले काँक्रीट पांघरुणाखाली उबेत ठेवावे लागते. ते कोवळे असताना एकदा गोठले की पुढे कितीही पाणी मारा, त्याला पूर्ण बळ येत नाही. "आमी पावसात ताडपत्री घालतो, ते थंडीत गोधडी घालतत," असा आजोबांनी यावर शेरा मारला.

परंतु मला विशेष वाटले ते निराळेच. बर्फाच्या भीतीने मिनेसोटावाल्यांनी जो खडीचा थर आणि जी नळी रूढ केली, ती जर सिंधुदुर्गातल्या प्रत्येक काँक्रीट भिंतीमागे असती तर झुकलेल्या भिंतींपैकी बऱ्याच उभ्या राहिल्या असत्या. रोग दोन ऋतूंचे, औषध एकच. ज्या कारणाने लडाखसारख्या आपल्याच थंड मुलखात डोंगरी रस्त्यांना सुक्या दगडांच्या आणि तारेच्या जाळीत दगड भरलेल्या भिंती आजही घालतात, त्याच कारणाने आमचा गडगा शतकभर टिके. भारतीय मानक ब्युरोने डोंगरी प्रदेशातील संरक्षक भिंतींविषयी 14458 क्रमांकाची जी मानके काढली, त्यांतही सुक्या दगडी बांधकामाला स्वतंत्र भाग दिलेला आहे. म्हणजे शास्त्राने गडग्याला बाद केलेले नाही. त्याला बाद केले ते आमच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेने. काँक्रीटची भिंत ही मुंबईच्या पैशाची खूण आहे, गडगा ही गरिबीची.

या शास्त्राचा उगमही थंड देशात नाही, हे येथे सांगून टाकतो. भिंतीवरच्या मातीच्या रेट्याचे पहिले विश्वसनीय गणित मांडणारा कूलोम हा फ्रेंच लष्करी इंजिनियर. 1764 पासून सुमारे आठ वर्षे तो कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनीक बेटावर किल्ला बांधीत होता; उष्ण, अतिवृष्टीचे, ज्वराचे ते ठिकाण, आणि तेथे त्याची प्रकृती कायमची बिघडली. परतल्यावर 1773 मध्ये त्याने आपला निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला आणि 1776 मध्ये तो छापला गेला. रँकिनने 1857 साली त्यात दुसऱ्या वाटेने भर घातली. आज अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी ही दोन नावे घोकतो. परंतु दोघांची सूत्रे वापरताना भरावातले पाणी वेगळे धरावे लागते, एवढे घोकणे मात्र बांधकामाच्या जागेवर पोहोचेपर्यंत गळून पडते.

मुंबईत हे गळून पडणे किती महाग जाते ते आपण पाहिले आहे. 2 जुलै 2019 ला मध्यरात्र उलटल्यावर मालाडच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाच्या आवाराची भिंत खालच्या झोपड्यांवर कोसळून 31 माणसे मृत्युमुखी पडली. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 375 मिलिमीटर पाऊस झाला होता. 5 ऑगस्ट 2020 ला मलबार हिलवर बा. ग. खेर मार्गाची कडा खचून माती, झाडे आणि दगड खालच्या पाटकर मार्गावर आले. तेथे श्रीमंतांची वस्ती असल्यामुळे दुरुस्तीची चर्चा पुष्कळ झाली आणि कामही झाले. पिंपरीपाड्याची भिंत ज्यांच्या अंगावर आली त्यांनी ती बांधलीही नव्हती आणि त्यांना ती बांधून हवीही नव्हती. संरक्षक भिंत वरच्याचे अंगण राखते आणि धोका खालच्याच्या पदरात टाकते. कायद्याने या एका गोष्टीवर लक्ष केंद्रित केले असते तर बरेच साधले असते.

तळिये, माळीण, इर्शाळवाडी ही नावे या संदर्भात घेण्याचा मोह होतो, पण ती येथे घेणे बरोबर नाही. 30 जुलै 2014 ला माळीणवर आणि 22 जुलै 2021 ला तळियेवर जे आले ते डोंगराचे अंगच होते. त्यापुढे कोणतीही भिंत टिकली नसती. भिंतीचा अधिकार अंगणापुरता आहे. डोंगरच निसटणार असेल तर उपाय स्थलांतराचा, आणि तो लालबागच्या मंडळाच्या हातातला नव्हे.

मंडळाच्या हातात जे आहे तेवढे सांगून थांबतो. पुढल्या सभेला कणकवलीचे एक अभियंता अंदाजपत्रक घेऊन आले. देवळामागची भिंत नऊ फुटांची. पायाची रुंदी उंचीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. पाया मऊ चिकणमातीवर नव्हे, तर तळच्या घट्ट मुरुमात. मागे फूट-सव्वा फूट खडी, तळाशी भोकांची नळी, भिंतीत चार इंची पाइपांची भोके दीड-दीड मीटर अंतरावर आणि तीही बाहेरच्या बाजूला उतरती. कड्याच्या माथ्यावर पाणी वळविणारे गटार, कारण भिंतीमागे जे पाणी पोहोचणारच नाही ते काढण्याचा खर्चही नाही. यादी वाचून झाल्यावर खजिनदारांनी खडी आणि नळीचा आकडा दोनदा विचारला. तो एकूण खर्चाच्या मानाने लहान होता, तरी त्यांना खुपत होता, आणि त्यांनी ते बोलूनही दाखविले: देणगीदारांच्या नावाची फरशी भिंतीवर लागणार, मग जमिनीत पुरायच्या नळीसाठी वर्गणी मागायची ती कोणाच्या नावावर?

उत्तर पहिल्या सभेतल्या त्या वृद्ध जॉबरांनी दिले. नळीचे पैसे आपण देतो म्हणाले, आणि नाव घालू नका. मात्र एक कलम त्यांनी ठरावात आग्रहाने लिहून घेतले, ते असे, की दर वर्षी मे महिन्यात गावी जाणाऱ्या चाकरमान्यांपैकी दोघांनी भिंतीच्या भोकांतली माती, मुळे आणि मुंग्यांची वारुळे सळईने काढून टाकावीत व तसे मंडळाच्या वहीत तारखेसह नोंदवावे. पहिल्या वर्षाची दोन नावे तेथल्या तेथेच लिहिली गेली. दुसऱ्या वर्षाच्या नावांवरून पुन्हा वाद सुरू झाला, आणि तो चालू असतानाच मी उठलो.